आधी वेल्डिंग, मग तपासणी

प्रश्न : माझा मुलगा यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाला. त्याला कारखान्यातील कामाची ओढ आहे. एका खासगी वर्गाने १५ दिवसांत एनडीटीच्या पाच पद्धतींचे ‘लेव्हल २’ प्रमाणपत्र देण्याचे आणि पुढे आखातात नोकरी मिळवून देण्याचे आश्वासन दिले आहे. शुल्कासाठी कर्ज काढावे लागेल. त्याऐवजी आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम घेतला तर चालेल का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : कर्ज काढू नका, ही पहिली विनंती.

एनडीटी म्हणजे वस्तू न तोडता तिच्यातील दोष शोधण्याचे शास्त्र. हे काम खरे आहे आणि मुंबईत ते भरपूर चालते. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतील नळांपासून आपल्या लोकलच्या रुळांपर्यंत सर्वत्र जोड तपासले जातात. अडचण आहे ती त्या प्रमाणपत्राची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘एसएनटी-टीसी-१ए’ ही अमेरिकी शिफारस आधार मानली जाते आणि तिच्यानुसार प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्या कंपनीची असते, त्यामुळे ती नोकरी सुटली की त्या प्रमाणपत्राचा आधारही सुटतो. त्याच शिफारशीत केवळ अल्ट्रासोनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी दोष शोधण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या व दुसऱ्या पातळीसाठी (‘लेव्हल’साठी) प्रत्येकी ४० तास प्रशिक्षण सांगितले आहे, शिवाय अनुक्रमे २१० आणि ६३० तासांचा प्रत्यक्ष अनुभव. रेडिओग्राफीलाही, म्हणजे भेदक किरणांनी जोडाचे चित्र फिल्मवर घेण्याच्या पद्धतीलाही, प्रशिक्षणाचे तितकेच तास लागतात. म्हणजे या दोन पद्धतींच्या वर्गातील तासांची बेरीजच १६० होते. १५ दिवस रोज आठ तास बसले तरी १२० भरतात. उरलेल्या तीन पद्धती आणि अनुभव कुठून आणणार, हे त्या वर्गाला जरूर विचारा. कंपनीवर अवलंबून नसलेले प्रमाणपत्र हवे असेल तर ‘आयएसओ ९७१२’ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्वतंत्र संस्थेकडून मिळते, पण तिथेही अनुभवाला पर्याय नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : मुलाला आधी वेल्डर होऊ द्या. आयटीआयचा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, प्रवेश ऑनलाइन होतो, आणि नंतर शिकाऊ उमेदवारी करता येते. माझगाव डॉक वेल्डरच्या कामासाठीही शिकाऊ उमेदवार घेते. बारावीच्या मुलाला हा उतार वाटेल, परंतु तो तसा नाही. करंट कमी पडला, रॉडचा कोन चुकला किंवा आधीच्या थरावरचा स्लॅग (गोठलेली मळी) नीट काढला नाही की धातू कडेला एकजीव होत नाही. असा सपाट दोष क्ष-किरणांच्या दिशेत नसेल तर फिल्मवर सहज निसटतो, अल्ट्रासोनिकने मात्र सापडू शकतो. उलट पोरोसिटीची, म्हणजे जोडात अडकलेल्या वायूची, बारीक छिद्रे फिल्मवर चांगली दिसतात. ज्याने स्वतःच्या हाताने असा जोड बिघडवला आहे, त्याला प्रोब (ध्वनिलहरी सोडणारे साधन) कुठे आणि कोणत्या कोनातून फिरवायचा हे आतून कळते. मुंबईच्या पावसाळ्याचेच पाहा. ७०१८ जातीचा रॉड दमट हवेत उघडा राहिला तर ओलावा शोषतो, त्यातला हायड्रोजन जोडात शिरतो, आणि काम संपून कित्येक तास उलटल्यावर तडा जाऊ शकतो. म्हणून रॉड ओव्हनमधून गरम काढून वापरायचे असतात, आणि अशा धोक्याच्या पोलादाची तपासणी घाईने करायची नसते.

दोन-तीन वर्षे हात बसला, ४५ अंशांत तिरका पक्का केलेला नळ फिरवता न येता चहूबाजूंनी जोडण्याची ‘६जी’ चाचणी उतरली, की मग एकेक पद्धत शिकावी. भारतीय एनडीटी संस्थेची, म्हणजे आयएसएनटीची, मुंबई शाखा आहे. तिथे चौकशी करा. रेडिओग्राफीची वाट मात्र वेगळी आहे. या कामात इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी स्रोत वापरतात, वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला मान्य अशा सुरक्षा अभ्यासक्रमाशिवाय स्रोत हाताळता येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्र असे अभ्यासक्रम घेत आले आहे. टीएलडी बिल्ला (अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा) न देता साइटवर पाठवणाऱ्या कंत्राटदाराकडे मुलाला एक दिवसही ठेवू नका.

प्रश्न : मी आयटीआयमधून वेल्डर झालेली मुलगी आहे. मला चष्मा आहे. तपासणीच्या कामात तो आड येईल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. दृष्टिचाचणी चष्मा लावूनच देता येते. जवळचे बारीक अक्षर वाचता आले पाहिजे आणि ज्या पद्धतीत काम करणार तिथले रंग किंवा करड्या छटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. जवळच्या नजरेची चाचणी दरवर्षी द्यावी लागते, तेव्हा चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घेत जा. दरम्यान वेल्डिंग सोडू नका, कारण ‘एएसएमई’ या अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेच्या नियमांनुसार एखाद्या प्रक्रियेने सहा महिने काम केले नाही तर त्या प्रक्रियेतील पात्रता संपते आणि चाचणी पुन्हा द्यावी लागते.