वहीची चौदा पानं आणि बारावीचं वर्ष

रामबाग, इंदूरहून एका वडिलांनी लिहिलंय: 'मुलगा बारावीत, पीसीएम. जेईईच्या कोचिंगची फी भरून झालीय. हा मात्र रात्र रात्र जागून सापेक्षता आणि क्वांटम एकत्र करणारा सिद्धांत लिहितोय. चौदा पानं झाली. आता म्हणतो, कोचिंग सोडतो. काय करू?'

नमस्कार,

पानांचे फोटो पाहिले. 'हे दोन सिद्धांत एकमेकांशी जुळत नाहीत' हे त्याचं पहिलंच वाक्य निम्मं चुकलंय. विशिष्ट सापेक्षता (जिच्यात गुरुत्वाकर्षण येत नाही ती) आणि क्वांटमचं लग्न भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅकने १९२८ सालीच लावलं. त्याच्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा जोडीदार निघाला आणि १९३२ मध्ये तो प्रयोगात सापडलाही. भांडण आहे ते गुरुत्वाकर्षणाशी. ते सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेच्या समीकरणात एका बाजूला अवकाश-काळाची वक्रता, दुसऱ्या बाजूला पदार्थ. पदार्थ चालतो क्वांटमच्या नियमांनी. मग एखादा कण 'इथेही आणि तिथेही' अशा अवस्थेत असला, तर त्याच्यामुळे अवकाश नेमका कुठे वाकायचा? नवव्या पानावर पोरगा या प्रश्नाच्या अगदी जवळ आलाय, आणि तिथेच घाईने उत्तर देऊन मोकळा झालाय. मला ते पान आवडलं, उत्तर सोडून.

शिरपूरला जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये व्यापक सापेक्षतेची समीकरणं नव्या चलांत मांडली. त्यातून संशोधनाची एक अख्खी शाखा उभी राहिली, तरी कोडं सुटलेलं नाही. या क्षेत्रात रोजचं काम असतं ते असल्या एखाद्या तुकड्याचं.

कोचिंग सोडू देऊ नका. तेच गणित, तेच भौतिकशास्त्र आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेला, आयएटीला, लागतं. फक्त तिथे ६० पैकी १५ प्रश्न जीवशास्त्राचे असतात, आणि चिरंजीवांनी दहावीनंतर ते पुस्तक उघडलं नसणार. भोपाळचं आयसर तुम्हाला जवळ. पाच वर्षं बीएस-एमएस, पुढे पीएचडीची पाच-सहा, मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन. तिशीपर्यंत पक्की नोकरी नाही, हे आत्ताच घरात बोलून घ्या. आजीलाही सांगा, नाहीतर दर दिवाळीला विषय निघेल.

निव्वळ सिद्धांतावरच अडून बसायला नको. हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत तुमच्या इंदूरचं कॅट (आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) भागीदार आहे. लायगोत अवकाश-काळाच्या या लाटा मोजायला क्वांटम युक्तीने 'दाबलेला' प्रकाश वापरतात. म्हणजे दोन्ही सिद्धांत एकाच यंत्रात कामाला जुंपलेले.

वही काढून घेऊ नका. रविवारी पोहे-जिलबी झाली की दोन तास तिचे. फक्त पंधरावं पान लिहिण्याआधी त्याने एक गणित करावं: गुरुत्व स्थिरांक, प्रकाशाचा वेग आणि दोन पायने भागलेला प्लँकचा स्थिरांक, एवढ्यांतून मितींच्या हिशेबाने एक लांबी काढायची. बारावीच्या मुलाला जमतं. सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात, इतके मीटर यायला हवेत. नाही आलं, तर कुठे अडलं ते त्यालाच मला लिहू द्या.