महिना दोन हजारांनी गरीब घरात खरंच काही बदलतं का, की माणसं आळशी होतात?

विचारणाऱ्यानं दोन प्रश्न एकत्र केलेत. गृहलक्ष्मीसारखी रोख मदत (कर्नाटक सरकार घरातल्या प्रमुख बाईच्या खात्यात महिना दोन हजार टाकतं ती) खेड्यातल्या गरीब घराच्या कामी येते की लोक आळशी होतात, हा एक. आणि खानापूर तालुक्यातल्या त्यांच्या काकूंना काही महिने पैसे आलेले नाहीत, तर काय करायचं, हा दुसरा. मी बेळगावच्या पश्चिम भागात बँक मित्र म्हणून काम करते, म्हणजे बँकेच्या वतीनं गावातच लोकांना पैसे काढून देते. अंगठा लावून पैसे काढायला येणाऱ्या बायका रोज समोर असतात, म्हणून ‘आळशी’ हा शब्द वाचल्यावर गप्प बसवेना.

आधी हिशेब करा. २०२४-२५ मध्ये कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३४९ रुपये होती. त्या दरानं दोन हजार म्हणजे सहा दिवसांचीही मजुरी नाही. महिन्याचे उरलेले चोवीस दिवस कोण घरी बसून खाणार आहे?

आता एका घराचं सांगते. तीस गुंठे भातजमीन. मुलगा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीत कंत्राटावर, सून काजूच्या कारखान्यात, दोन नातवंडं, आणि रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून सासू. सगळीकडं असंच असतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वयस्क बाईच कार्डाची प्रमुख धरतात आणि गृहलक्ष्मी त्या प्रमुख बाईलाच मिळते. अर्ज मंजूर झाला होता, पण पासबुकात एक रुपया दिसत नव्हता. म्हातारी दर आठवड्याला यायची, “पैसे आल्यात काय बघ की गं बाळे” म्हणायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. गावात बोलणं सुरू झालं की अंगणवाडीवाल्या बाईनं फॉर्म चुकीचा भरला. त्या बिचारीचा काही संबंध नव्हता.

पैसे येत होते, पण दुसऱ्याच खात्यात. मुलानं मोबाईलचं सिम घेताना आईचा आधार आणि अंगठा दिला होता, त्यातून तिच्या नावानं पेमेंट्स बँकेचं (मोबाईलवरून चालणाऱ्या छोट्या बँकेचं) खातं उघडलं गेलं आणि आधार तिकडं जोडला गेला. सरकारी पैसा पासबुकावर लिहिलेल्या खात्यात जात नाही. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, तिच्या नोंदीत आधारला शेवटी जे खातं जोडलं गेलंय, तिकडं जातो. बँकेत आधारची झेरॉक्स देऊन केवायसी केलं म्हणजे हे काम झालं असं बायकांना वाटतं. तसं नाही. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यायला, आधार सीडिंगचं (खात्याला आधार जोडण्याचं) संमतीपत्र वेगळं असतं आणि ते मागून घेऊन भरावं लागतं.

तिथं सात हप्ते पडून होते, १४,००० रुपये. ते तिच्या हातात आल्यावर मुलाच्या मनात मोटारसायकलचं डाउन पेमेंट होतं. म्हातारीनं नोटा पदराच्या गाठीला बांधल्या आणि थेट किराणा दुकानात गेली. उधारी ३,४०० होती, ती फेडली. मग पतसंस्थेत गेली. आदल्या पावसाळ्यात रोप लावणीच्या मजुरीसाठी सुनेची बोरमाळ गहाण पडली होती, ती व्याजासकट ८,७०० भरून सोडवली. उरलेल्या १,९०० मध्ये नातीचं दप्तर, बूट आणि स्वतःचा चष्मा. मोटारसायकल आली नाही. मुलगा आठवडाभर आईशी बोलला नाही, पण बोरमाळ गळ्यात बघून सून मात्र बोलली.

या घरातला खरा बदल त्यानंतरचा आहे, आणि ‘आळशी’वाल्यांना तोच खुपतो. आमच्याकडं आषाढ-श्रावणात हातात पैसा नसतो. काजूचं काम मंदावतं, भात उभं असतं, शाळेचा खर्च नुकताच झालेला असतो. त्या दिवसांत सून एका बागायतदाराकडून तीन-चार हजारांची उचल घ्यायची आणि सुगीत त्याच्याच रानात, इतरांपेक्षा कमी मजुरीवर, ती फेडायची. उचल घेतलेल्या बाईला दुसरीकडं जास्त मिळत असलं तरी जाता येत नाही. दर महिन्याला येणाऱ्या दोन हजारांनी ती उचल बंद झाली. सुगीत ती आता जिथं मजुरी बरी तिथं जाते. कामाचे दिवस तेवढेच आहेत, फक्त मालक बदललाय. आणि आधीचा मालक आमच्या काउंटरवर उभा राहून सांगतो की सरकारनं बायका बिघडवल्या, मजूर मिळत नाहीत.

त्या गृहस्थांशी माझा हा वाद जुना आहे, म्हणून इथंही लिहिते. त्यांना वर्षाला पीएम-किसानचे ६,००० मिळतात. सोसायटीचं पीककर्ज बिनव्याजी मिळतं, २०२३ मध्ये त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख झाली. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत. त्यानं ते आळशी झाले असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही, कारण शेती करायला आधार लागतोच. मग तोच आधार बाईच्या खात्यात आला की तो फुकटचा कसा? मजूर पाहिजेत तर मजुरी वाढवा.

हे फक्त आमच्या गावापुरतं नाही. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि मुलामागं १०० रुपये बिनशर्त देऊन पाहिले, पुढं ते ३०० आणि १५० केले. तिथंही लोकांनी काम सोडलं नाही. दुसऱ्याच्या रानातली मजुरी थोडी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबले, जनावरं घेतली. दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही.

रोखीपेक्षा धान्य द्या, असंही काही जण म्हणतात. अन्नभाग्य या कर्नाटकच्या मोफत तांदळाच्या योजनेत जुलै २०२३ पासून जादा पाच किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात येत होते, २०२५ मध्ये पुन्हा तांदूळ सुरू झाला. बायकांना विचाराल तर बहुतेक जणी तांदूळच बरा म्हणतात, कारण ३४ रुपयांत दुकानात खायच्या लायकीचा तांदूळ येत नाही. म्हणजे रोख चांगली, पण रक्कम बाजारभावाला धरून असली तरच.

पैसा हातात राहायला काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पीककर्जाच्या किंवा बचत गटाच्या कर्जाच्या खात्यात हे पैसे घेऊ नका, नाहीतर थकबाकीपोटी रक्कम अडकते. वेगळं जनधन खातं ठेवा, त्यातून महिन्यात चार वेळा पैसे काढणं मोफत असतं. अंगठा लावून काढताना “सर्व्हर डाऊन, परत लावा” असं कोणी म्हटलं, तर दुसऱ्यांदा अंगठा देण्याआधी पावती किंवा शिल्लक बघा. पहिल्याच वेळी पैसे कापून घेतल्याची प्रकरणं घडतात. काजूत काम करणाऱ्या बायकांचा अंगठा लागतच नाही. टरफलातल्या तेलानं कातडी जळते, बोटाचं टोक काळं आणि गुळगुळीत होतं, रेषाच उरत नाहीत. अशा वेळी हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, डाव्या हाताची अनामिका लावून बघा, ती कमी झिजलेली असते. तीही लागली नाही तर आधार केंद्रात बोटं आणि डोळे नव्यानं नोंदवून घ्या.

आणि दोन हजारातले पाचशे पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याच्या ठेवीत, टाका. ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत भरलेल्या ३०,००० चे सुमारे ३५,७०० होतात. भिशीत टाकू नका असं मी म्हणत नाही, पण भिशी चालवणारी बाई गाव सोडून गेली की तक्रार कुठं करायची ते आधी ठरवा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळीकडं बोरमाळ सुटत नाही. मायक्रोफायनान्सची दोन-तीन कर्जं असलेल्या घरात हा पैसा आठवड्याच्या हप्त्यात जातो, घरात थांबतच नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, पण फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिलं की नियम कागदावरच राहतो. वसुलीच्या दमदाटीविरुद्ध कर्नाटकानं फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यादेश काढला, तरी दारात उभ्या माणसापुढं बाई एकटीच असते. नवऱ्यानं एटीएम कार्ड काढून घेतलेली घरंही मला माहीत आहेत. आणि हप्ते वेळेवर येत नाहीत. कधी दोन-तीन महिने काहीच नाही, मग एकदम जमा. उचल बंद व्हायची तर पैसा आषाढात यायला पाहिजे, दिवाळीला नाही.

सासू-सुनेचं भांडण हा प्रकार वेगळाच. एका कार्डावर एकाच बाईला मिळतं, म्हणून चुली वेगळ्या नसताना कार्ड फोडायला निघू नका. नवीन कार्ड लवकर मिळत नाही आणि जुन्यातलं नाव कमी झालं की रेशनही जातं. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून आलेल्या सुनांनी माहेरच्या कार्डातलं नाव कमी केल्याचा दाखला आणावाच. तिकडची लाडकी बहीण आणि इकडची गृहलक्ष्मी दोन्ही घेता येईल असं सांगणारे एजंट फिरतात. लाडकी बहीण महाराष्ट्रात राहणाऱ्या बाईसाठी आहे, दोन्ही घेतली तर वसुलीची वेळ येईल.

आता तुमच्या काकू. मोबाईलवर ‘डीबीटी कर्नाटका’ ॲप घ्या, आधारच्या ओटीपीनं उघडा. त्यात कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत पैसे गेले ते दिसतं. बँक अनोळखी दिसली तर वर सांगितलेलाच प्रकार आहे, हव्या त्या बँकेत सीडिंगचं संमतीपत्र भरा. हप्ताच गेलेला नसेल तर ग्राम वन या गावातल्या सरकारी सेवा केंद्रात अर्जाची स्थिती काढा. तिथं आयकर किंवा जीएसटीचा शेरा असेल आणि काका-काकूंपैकी कोणीच रिटर्न भरत नसेल, तर तसं लेखी घेऊन सीडीपीओ (तालुक्याच्या बालविकास अधिकारी) ऑफिसात द्या. रेशन कार्डावर नाव कन्नडमध्ये एक आणि आधारवर इंग्रजीत दुसरं असेल, तर आधी आधार दुरुस्त करा, मग कार्ड. मेसेज कन्नडमध्ये येतात म्हणून ते पुसून टाकू नका, अंगणवाडीत नेऊन वाचून घ्या. आणि जाताना काकूंना सोबत न्या. अंगठा त्यांचा लागतो, पुतण्याचा नाही.