उन्हात बंद पडणारी एमजीए, आणि बाकीचे प्रश्न

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे आजोबांची १९५८ची एमजीए आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, दोन कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग). सकाळी पाण्यासारखी चालते. पण एप्रिल लागला की दुपारी धुळ्याला जाताना फागण्याजवळ हमखास बंद पडते, अर्धा तास सावलीत उभी केली की परत चालू. एक मेकॅनिक म्हणतो कॉइल बदला, दुसरा म्हणतो पंप बदला. आजी तर सरळ म्हणते, "उन्हायामा गाडी भायेर काढू नको." नेमकं काय करू?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : दादा, आधी काहीच बदलू नका. पुढच्या वेळी बंद पडली की जागेवरच दोन गोष्टी बघा, पाच मिनिटांचं काम आहे. चावी फिरवा, स्टार्टर मारू नका, नुसतं ऐका. एमजीएचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप इलेक्ट्रिक आहे आणि मागे चासीला लागलेला असतो, चावी दिली की टिक-टिक-टिक करतो आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट बाऊल (पेट्रोल साठायच्या छोट्या वाट्या) भरले की हळू होऊन थांबतो. एकदम गप्प असेल तर पंपाचे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे टोक) काळे झालेत किंवा वायर ढिली आहे. टिकटिक थांबतच नसेल तर कुठून तरी हवा ओढतोय नाहीतर पेट्रोलची वाफ झालीय, किंवा फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी) गळतेय (गळत असेल तर बाऊलवरून पेट्रोल सांडलेलं दिसेल, वास तर येईलच). मग एक स्पार्क प्लग काढून वायरला लावा, बॉडीला टेकवा आणि स्टार्टर मारा, पण हे पेट्रोलपासून लांब, सांडलेलं असेल तर करूच नका. ठिणगी निळी आणि जोरात पडली तर इग्निशन ठीक आहे. पिवळी, मरतुकडी पडली तर कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंटच्या जोडीचा छोटा भाग) किंवा कॉइल (ठिणगीची वीज वाढवणारी) गरम झाल्यावर दम सोडतेय, आणि माझा पहिला संशय कंडेन्सरवर असेल कारण हल्ली बाजारात मिळणारे बरेचसे कंडेन्सर खरंच टिकत नाहीत.

ठिणगी चांगली असेल तर मग पेट्रोल उकळतंय. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर जायची वाट) दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटर धुराच्या तापलेल्या नळकांड्याच्या, मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसलेले, आणि वरून आपलं जळगाव-भुसावळचं पंचेचाळीसचं ऊन. मधे पत्र्याची हीट शील्ड लागते ती जागेवर आहे का बघा, कितीतरी गाड्यांची कधीतरी काढून फेकून दिलेली असते. जुनी शील्ड असेल तर तिला अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याची धूळ घातक असते, म्हणून ती सुकी घासायची नाही. पेट्रोलची लाइन एक्झॉस्टला टेकत नाही ना तेही बघा. गाडी थांबवली की बॉनेट उघडं ठेवायची सवय लावा, कारण खरा ताप गाडी उभी राहिल्यावरच वर चढतो.

आणि आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. १९५८च्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, आतून मऊ होतात आणि त्यांचा गाळ सुईत अडकतो. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या टाका, हा खर्च टाळू नका, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगच. दुसरं म्हणजे इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) थोडा खाली घ्यावा लागतो. कार्ब्युरेटरखालचा जेटचा नट एकेक पैलू फिरवा आणि दोन्हीकडे सारखाच. मग इंजिन गरम असताना पिस्टन उचलायच्या पिनने कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिश्रण जाड, इंजिन अडखळलं तर पातळ, क्षणभर वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. पण त्याआधी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा सूं-सूं आवाज सारखा करून घ्या. डॅशपॉटमधे (कार्ब्युरेटरच्या वरच्या तेलाच्या नळकांड्यात) २० नंबरचं तेल.

रेडिएटरमधे बोअरचं पाणी टाकता का? आपल्याकडचं पाणी इतकं जड आहे की ब्लॉकच्या आत चुन्याचा थर बसतो, आणि सगळ्यात जास्त गाळ मागच्या सिलेंडरपाशी साचतो. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून बघा, पाणीच आलं नाही तर तार घालून मोकळा करा, पाइप लावून धुवा आणि मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा. कन्नडचा घाट चढताना काटा वर जातो तो बहुतेक यानेच.

प्रश्न : एमजीएचं काम करणारा मेकॅनिक जळगाव जिल्ह्यात मिळतच नाही, दर वेळी पुण्या-मुंबईला न्यायची का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : अजिबात नाही. एमजीए १५००चं इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचं आहे, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरला कितीतरी वर्षं याच घराण्याचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने आयुष्यभर अ‍ॅम्बेसेडर टॅक्स्या उघडल्या त्याचे हात हे इंजिन ओळखतात. टॅपेटचं अंतर, टायमिंग चेन, हेड किती कसायचं, हे त्याला पुस्तक न बघता येतं. भुसावळ, धुळे, जळगाव, तिन्हीकडे असे लोक अजून आहेत, बरेच जण आता दुकानात येऊन नुसते बसतात, मुलगा काम बघतो. त्यांना शोधा, मान द्या, चहा पाजा, आणि त्यांच्याकडून शिकून घ्या. हे मी मनापासून सांगतोय कारण हे ज्ञान लिहून ठेवलेलं नाहीये. फक्त अ‍ॅम्बेसेडरचा पार्ट डोळे झाकून बसवू नका, घराणं एक असलं तरी कॅम, पिस्टन, कार्ब्युरेटर वेगळे आहेत, कॅलिपरने मोजा मगच लावा. हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) कडक धातूच्या बसवून घ्या, शिसंवालं पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं आणि जुन्या सीट त्याच पेट्रोलच्या भरवशावर होत्या. ऑइल २०डब्ल्यू-५०.

प्रश्न : मला एमजीए रोज वापरायचीय. मारुतीचं इंजिन आणि फाइव्ह स्पीड गिअरबॉक्स टाकला तर? एसी पण बसेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : इंजिनाला हात लावू नका ही माझी विनंती समजा. केंद्राच्या २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीचे २० हजार रुपये आणि १० वर्षांची मुदत, पण अट ही की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमधे बदल नको. आणि अशी नोंदणी केली की रोजच्या वापराला परवानगी नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यापुरतीच. म्हणजे रोज चालवायची की व्हिंटेज करायची हे आधी ठरवा, आणि आरटीओत विचारल्याशिवाय पान्हा उचलू नका.

जे बदल उद्या परत काढता येतात ते जरूर करा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली बसतं, बाहेरून कळतही नाही. रेडिएटरला जोडीला इलेक्ट्रिक फॅन, आपल्या उन्हाळ्यात हवाच. पण थांबा, ही गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. नेहमीच्या गाडीसारखं समजून वायर लावली की इलेक्ट्रॉनिक पार्ट तिथेच जळतो. निगेटिव्ह अर्थ करायचं असेल तर बॅटरीच्या वायर उलट्या, कॉइलच्या दोन बारीक वायर उलट्या आणि डायनॅमोला (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला) नव्याने पोलॅरिटी द्यायची, हे माहीत असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करा. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून घरात ठेवा. एसीचा विचार सोडा, उघड्या छपराच्या एमजीएला खिडकीच्या काचाच नाहीत.

प्रश्न : तारांच्या चाकाचा मधला नट रस्त्यात ढिला होतो, उजव्या बाजूचाच. एका गॅरेजने नुकतंच मागच्या चाकांचं काम केलंय.
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : गाडी लगेच उभी करा, आजच. डाव्या बाजूच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) सरळ आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे, म्हणजे चाक पुढे फिरताना नट आवळलेलाच राहतो. हब इकडचे तिकडे बसले असतील तर चालता चालता नट स्वतःच सुटतो. उजवीकडचा नट घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जातोय का बघा, नसेल तर हब उलटे बसलेत. बरोबर असतील तर चाक काढून स्प्लाइन (हबवरचे चाक धरणारे दाते) बोटाने तपासा, दाते धारदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदलायचे, एकटं काहीच बदलू नका. नट तांब्याच्या हातोडीनेच मारायचा, लोखंडी नको.