लॅप टायमर पहिल्यांदा लावताना

ड्रोन शर्यतीत फेऱ्या मोजणारा रोटरहॅझार्डचा टायमर स्वतः जोडलास, मस्तच! सुरुवातीला जागेकडे सगळ्यात जास्त लक्ष दे. हा टायमर ड्रोनच्या ५.८ गिगाहर्ट्झ व्हिडिओ सिग्नलची ताकद मोजतो. ती चढून उतरली की एक फेरी धरतो. म्हणून तो स्टार्ट-फिनिश गेटपाशीच ठेव आणि ट्रॅकचा दुसरा कुठलाही भाग त्याच्या जवळून नेऊ नकोस. नवखे इथेच चुकतात, मग एका फेरीच्या दोन दिसतात. सगळ्यांचे व्हिडिओ ट्रान्समीटर सारख्याच पॉवरवर हवेत, २५ मिलीवॅट पुरे.

आता सांभाळायचं कसं:

- गेटच्या थेट मागे नको, बाजूला ठेव. गेट चुकलेला ड्रोन वेगात आदळतो.
- टायमरसाठी प्लॅस्टिकचा डबा घे, धातूचा डबा सिग्नल अडवतो. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात बंद डबा भयंकर तापतो, त्यामुळे सावली आणि हवेला भोकं हवीतच.
- रास्पबेरी पायची (टायमरमधल्या छोट्या कॉम्प्युटरची) वायर तशीच उपटू नकोस. आधी शटडाऊन कर, नाहीतर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं.

लोहगाव विमानतळामुळे मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्कायचा (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी) नकाशा बघच. शिल्डिंग (नको असलेला सिग्नल अडवणारं आवरण) वगैरे नंतर बोलू. आधी एकच ड्रोन उडव आणि फेऱ्या बरोबर मोजल्या जातात का ते तपास.