1934च्या भूकंपाचा मुंबईतला आलेख पट्टीने मोजून मॅग्निट्यूड काढता येईल का?

तुमच्याकडे मिल्न-शॉ या भूकंपमापक यंत्राच्या आलेखाचं छायाचित्र आहे आणि त्यावरून बिहार-नेपाळच्या भूकंपाचं मॅग्निट्यूड (ताकदीचा आकडा) काढायचंय. तरंग पोहोचल्याच्या वेळा उत्तम निघतील, पण मॅग्निट्यूडसाठी हा कागद चुकीचा आहे.

आधी यंत्राचे आकडे मिळवा. मिल्न-शॉचे सर्वसाधारण आकडे असे : लंबकाचा आवर्तकाळ 12 सेकंद, वर्धन (जमिनीची हालचाल कागदावर किती पट मोठी दिसते) 250, डॅम्पिंग (लंबकाचे झोके शमवण्याचं प्रमाण) 20 : 1, कागदाचा वेग मिनिटाला 8 मिमी. इथेच बहुतेकांची चूक होते. 250 हे वर्धन फक्त जलद तरंगांसाठी खरं. 20 सेकंद आवर्तकाळाच्या पृष्ठतरंगासाठी (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या संथ तरंगासाठी) ते सुमारे 86 वर येतं. म्हणजे कागदावरचे 5 मिमी हे जमिनीचे 58 मायक्रॉन, 20 नव्हेत. 250नेच भागलंत, तर मॅग्निट्यूड जवळजवळ अर्ध्या एककाने (0.5ने) कमी येतं.

आता ढोबळ हिशेब करा. सूत्र : लॉग (A/T) + 1.66 लॉग Δ + 3.3, A म्हणजे जमिनीची हालचाल, मायक्रॉनमध्ये; T तरंगाचा आवर्तकाळ, सेकंदांत; Δ केंद्रापासूनचं अंतर, अंशांत. मुंबईपासून केंद्र सुमारे 15 अंशांवर. मॅग्निट्यूड 8 धरलं तर जमीन सेंटिमीटरभर हलते आणि आलेख रेखणारा प्रकाशबिंदू जवळपास मीटरभर झेपावायला हवा. तो कागदाबाहेरच जाणार, किंवा इतका वेगाने धावणार की फोटोच्या कागदावर उमटणारच नाही. शिवाय हे सूत्र 20 अंशांच्या आत भरवशाचं नाही. मॅग्निट्यूडसाठी युरोपातल्या, दूरच्या स्थानकांचे आलेख शोधा. मुंबईचा कागद मात्र पी (आधी पोहोचणारा) आणि एस (त्यामागून येणारा) या तरंगांच्या वेळांसाठी आणि नंतरच्या धक्क्यांसाठी फार मोलाचा आहे.

मोबाइलचं छायाचित्र कडेला वाकतं. सपाट स्कॅनरवर निदान 600 डीपीआयने घ्या, शेजारी मिमीची पट्टी ठेवून. कागद आक्रसतो, म्हणून 8 मिमी गृहीत न धरता लगतच्या दोन मिनिटखुणांमधलं अंतर दर वेळी मोजा. घड्याळाची दुरुस्ती सहसा कागदाच्या कोपऱ्यात किंवा नोंदवहीत असते. ती सापडली नाही, तरी एस वजा पी, म्हणजे दोन्ही तरंगांच्या वेळांतला फरक, वापरता येतं. 15 अंशांसाठी ते पावणेतीन मिनिटांच्या आसपास हवं.

वर्तमानपत्रांशी वेळा जुळवताना जपून. भूकंप ग्रिनिच वेळेने 8:43ला झाला. भारतीय प्रमाणवेळेने दुपारी 2:13, पण तेव्हाच्या मुंबई टाइमने 1:34. या 39 मिनिटांच्या फरकामुळे एकाच भूकंपाचे दोन धक्के झाल्याचा भास होतो.