वाचकांचे प्रश्न : मधल्या दोन वर्षांचे काय सांगू?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून चाकणच्या एका कारखान्यात १७ वर्षे क्वालिटी विभागात तपासनीस होतो. दारू वाढत गेली, तशा बिनपगारी रजाही वाढल्या. दोन वर्षांपूर्वी स्वादुपिंडाला सूज आल्याने २१ दिवस रुग्णालयात काढले आणि परतल्यावर कंपनीने राजीनामा लिहून घेतला. त्यानंतरही काही महिने प्यायलोच. आता १४ महिने पूर्ण बंद आहे. पत्नी पोळी-भाजीचे डबे करते, त्यावर घर चालते. मुलाखतीत मधल्या काळाविषयी विचारले की घाम फुटतो. अनुभवपत्रावरच्या तारखा बदलून देतो, असे एक मित्र म्हणतो. शिवाय मायक्रोमीटर (बारीक मापे घेण्याचे उपकरण) धरताना हात किंचित थरथरतो, म्हणून एरवी मी हात खिशातच ठेवतो. पुन्हा याच कामात जावे, की नाद सोडावा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तारखा बदलण्याचा विचार आधी सोडून द्या. तुमच्या भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर कंपनीत रुजू झाल्याची आणि कंपनी सोडल्याची तारीख नोंदलेली असते, आणि नवी कंपनी ती तपासू शकते. आजारपण समजून घेणारा मालक भेटू शकतो. खोटे अनुभवपत्र चालवून घेणारा भेटला, तर तिथे न गेलेलेच बरे.

मात्र खरे सांगणे म्हणजे समोरच्या टेबलावर आयुष्य उलगडून ठेवणे नव्हे. "पोटाच्या गंभीर आजाराने नोकरी सोडावी लागली, उपचार घेतले, आता तब्येत स्थिर आहे आणि पूर्णवेळ काम करू शकतो," एवढे शांतपणे सांगावे आणि लगेच कामाकडे वळावे : कोणती उपकरणे हाताळलीत, कोणत्या ग्राहकांची ऑडिट दिलीत. दारूविषयी थेट विचारले, तर नाकारू नका. किती महिने बंद आहे ते एका वाक्यात सांगा. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर तर काहीच लपवू नका.

क्षेत्र सोडण्याचे कारण मला दिसत नाही. १७ वर्षे ड्रॉइंग वाचलेल्या माणसाने अकस्मात दुकान टाकावे, असा सल्ला नातेवाईक हमखास देतात. भांडवल मात्र कोणी देत नाही. मोठ्या कंपन्यांच्या दारात ताटकळण्यापेक्षा भोसरीतल्या दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये विचारा. तिथे मालक स्वतः मशिनवर उभा असतो आणि माल रिजेक्ट होऊन परत आला की नुकसान त्याच्या खिशातून जाते, त्यामुळे नेमके मोजणाऱ्या माणसाची किंमत त्याला कळते. पगार पूर्वीपेक्षा बराच कमी असेल, आणि कदाचित तुमच्या हाताखाली शिकलेला एखादा मुलगा आता तुमचा साहेब असेल. हे दुसरे अधिक बोचते, तेव्हा त्याची तयारी घरूनच करून जा. तिसरी पाळी निदान पहिले वर्षभर घेऊ नका : झोप मोडते, जेवणाच्या वेळा बिघडतात आणि सकाळी पाळी सुटल्यावर बरोबरीचे लोक कुठे वळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो : ग्रॅच्युइटी मिळाली का? पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्या माणसाने राजीनामा दिला, तरी तिच्यावर त्याचा हक्क राहतो. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २२ हजार रुपये धरले, तर महिन्याचे २६ दिवस धरून दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, अशा १७ वर्षांच्या हिशेबाने सुमारे २ लाख १५ हजार होतात. मिळाली नसेल, तर कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आलेली रक्कम पत्नीच्या सल्ल्यानेच खर्च करा. दोन वर्षे डबे भरून त्यांनी घर ओढले आहे. हिशेब त्यांच्या हाती राहण्यात कमीपणा मानू नका.

आता हाताविषयी. दारू सोडल्यावरची थरथर बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. १४ महिन्यांनंतरही ती असेल, तर कारण वेगळे असू शकते : थायरॉइड, एखादे औषध, किंवा इन्सुलिन घेत असाल तर रक्तातली साखर उतरणे. स्वादुपिंडाच्या आजारानंतर मधुमेह जडू शकतो, म्हणून साखर तपासून घ्या. तंबाखू किंवा सिगारेट असेल, तर तीही थांबवा. दारू सोडून पुडी दुप्पट करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि धूम्रपानाने या ग्रंथीचे दुखणे वाढतेच. दारू तर घोटभरही नको.

एकट्याने तग धरू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा पुण्यात होतात, त्यांना फी नाही. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथे किंवा जिथे उपचार घेतले तिथे पाठपुराव्याला जात राहा. पुढच्या मुलाखतीआधी डॉक्टरांकडे जा, आणि तिथे तो हात खिशातून बाहेर काढून दाखवा.