हिकिकोमोरीला घरकोंबडा म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: जपानमधल्या 'हिकिकोमोरी'बद्दल, म्हणजे महिनोन्‌महिने लोकांत मिसळणे थांबवून घरातच राहण्याबद्दल, मराठीत लिहायचे आहे, 'घरकोंबडा' किंवा 'एकलकोंडा' चालेल का, नाहीतर दुसरा कोणता शब्द वापरावा?

दोन्ही चालणार नाहीत, असे माझे मत. घरकोंबडा हा थट्टेचा शब्द आहे. सहलीचे नाव काढले की ज्याच्या पोटात दुखते, लग्नाची पंगत उरकून जो पहिल्या एसटीने परत येतो, तो घरकोंबडा. घरात मात्र तो खुशीत असतो, आल्यागेल्याशी गप्पा मारतो. एकलकोंडा जरा कडवट आहे, पण तोही स्वभावच सांगतो: शाळेत तसा, साठीतही तसाच. 'माणूसघाणा'बद्दल तर बोलायलाच नको. हिकिकोमोरी हा स्वभाव नव्हे. काल-परवापर्यंत शाळा-कॉलेजात किंवा नोकरीवर जाणारे माणूस एका टप्प्यावर जायचे थांबते, आणि ते थांबणे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते.

मूळ जपानी शब्दाकडे पाहू. त्यात दोन क्रियापदे आहेत. 'हिकु' म्हणजे ओढणे, मागे घेणे. 'कोमोरु' म्हणजे आत बंद होऊन राहणे. देवळात रात्रभर प्रार्थनेत बसण्यालाही जपानीत 'ओकोमोरी' म्हणतात. पण कोमोरुचा आणखी एक उपयोग मला फार आवडतो. खोलीत धूर साठला की तो 'कोमोरु' होतो, आणि दबका, घशातच अडकलेला आवाजही 'कोमोरु' होतो. मराठी वाचकाला इथे 'कोंदणे' आठवल्यावाचून राहणार नाही. धूर कोंदतो, हवा कोंदते. दोन्ही भाषांचा काही संबंध नाही, तरी अर्थाची वळणे मात्र शेजारून गेली आहेत.

शब्द जुना असला तरी आजचा अर्थ त्याला चिकटला तो गेल्या तीसेक वर्षांत. मानसोपचारतज्ज्ञ साइतो तामाकी यांनी १९९८ साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि तो घरोघरी पोचला. सहा महिने किंवा जास्त काळ शाळा, नोकरी, घराबाहेरच्या गाठीभेटी टाळून मुख्यतः घरातच राहणे, अशी २०१० च्या सरकारी मार्गदर्शिकेतली ढोबळ व्याख्या होती. मात्र जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाच्या पाहणीत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणारा, किंवा केवळ छंदापुरता बाहेर पडणारा माणूसही यात धरतात. म्हणजे उंबरठा ओलांडला की नाही, यावर हे ठरत नाही. माणसांशी असलेला व्यवहार तुटला का, हे पाहायचे. 'घरकोंबडा' इथेच बाद होतो.

'समाजविमुख' हा शब्द काहीजण सुचवतील. दिसायला भारदस्त आहे, पण त्यात तोंड फिरवल्याचा, नाकारल्याचा आरोप आहे. अकिता प्रांतातल्या फुजिसातो या छोट्या गावी समाजकल्याण परिषदेने घरोघर चौकशी केली, तेव्हा शंभरावर माणसे अशी निघाली. त्यांच्यासाठी करमणुकीचे कार्यक्रम ठेवले तर फारसे कोणी फिरकले नाही. वृद्धांच्या मदतनिसाचे प्रशिक्षण जाहीर केले, तर लोक आले. काम हवे होते, कीव नको होती. त्यांना विमुख कसे म्हणणार? 'विलगीकरण' हे कोविडनंतर रुग्णाला बाजूला ठेवण्यासाठी रुळले आहे, आणि ते दुसऱ्याने करायचे असते. 'वाळीत टाकणे' तर नेमके उलट: तिथे गाव माणसाला काढते.

मग उरते काय? 'कोंडून घेणे'. मला हेच सगळ्यात जवळचे वाटते, कारण करणारा तोच आणि सोसणाराही तोच, हे 'घेणे'मुळे आपोआप येते. 'मुलाने चार वर्षे स्वतःला कोंडून घेतले आहे' हे वाक्य कोणत्याही मराठी आईच्या तोंडी शोभेल. नाम हवेच असेल तर हिकिकोमोरीच ठेवा. जपानीत शेवटचा 'रि' ऱ्हस्व आहे, पण मराठीत अंत्य इकार दीर्घ, म्हणून हिकिकोमोरी. जपानीत अवस्थेला आणि त्या माणसालाही हाच शब्द लावतात. मी तो अवस्थेपुरता, स्त्रीलिंगी वापरीन ('त्याची हिकिकोमोरी') आणि माणसाला 'कोंडून घेतलेला' म्हणेन.

ही कटकट कशाला, असे वाटेल. पण जपानी घरांनी या शब्दाची झळ सोसली आहे. 'सेकेंतेइ' म्हणजे चारचौघांत घराचे दिसणे, आपले 'लोक काय म्हणतील'. त्यापायी आईबाप मुलाचा विषयच काढत नाहीत, ताट दाराशी ठेवून येतात, आणि मदत मागायची वेळ निघून जाते. सुरुवातीला हा तरुणांचा प्रश्न मानला गेला. २०१९ मध्ये सरकारने ४० ते ६४ वयोगटाचा आकडा जाहीर केला तो ६ लाख १३ हजारांचा. नव्वदच्या दशकातल्या मंदीत ज्यांना धड नोकरी लागली नाही, ती पिढीही आता याच वयात आहे. २०२३ मध्ये १५ ते ६४ वयाचे मिळून सुमारे १४ लाख ६० हजार लोक, असा अंदाज आला. ऐंशीतले आईबाप आपल्या पेन्शनीवर पन्नाशीतल्या मुलाला पोसतात, याला तिथे 'हाचि-मारु गो-मारु' म्हणतात, म्हणजे '८०५०'.

त्याच २०१९ च्या मे महिन्यात कावासाकीत बसची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर असाच घरात राहणारा होता, हे छापून आले. चारच दिवसांनी टोकियोत एका निवृत्त बड्या सनदी अधिकाऱ्याने स्वतःच्या ४४ वर्षांच्या मुलाचा जीव घेतला; हाही असेच काही करील, ही भीती त्याने सांगितली. पालकांच्या संघटनेने तेव्हा हिकिकोमोरी आणि गुन्हा यांची सांगड घालू नका, असे कळवळून सांगितले होते. म्हणून बातमी लिहिताना 'हिकिकोमोरी तरुणाचा हल्ला' असा मथळा मराठीतही नको. 'बरीच वर्षे घरात कोंडून घेतलेल्या माणसाने', आणि तेही तपासाशी संबंध असेल तरच.